मनात तेच तेच का चालू राहतं? विचारांच्या सवयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत समुपदेशनाचं काम करताना जे प्रश्न सारखे समोर येतात ते इथे लिहिले आहेत. काही प्रश्न लोक आल्या आल्या विचारतात, काही निघताना चपला घालता घालता. उदाहरणांतली माणसं कुणी एक नाहीत, अनेकांच्या गोष्टी मिसळून लिहिल्या आहेत. तेव्हा हे आपल्या गल्लीतलं कोण, याचा शोध घेत बसू नका. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र बाकीचं वाचायचं राहू द्या, आधी टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर लावा. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

माझ्या डोक्यात सतत काहीतरी चालू असतं. हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. डोक्यात विचार येणारच. अॅरन बेक नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात उदास रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की रुग्ण मोठमोठ्या गोष्टी सांगत असतो तेव्हा त्याच्या मनात खालून छोटी छोटी वाक्यं झरझर जात असतात. ‘यांना माझा कंटाळा आला’, ‘माझ्याच्याने काही होणार नाही’, असली. रुग्ण ती बोलून दाखवत नव्हता, कारण त्याला ते विचार वाटतच नव्हते. त्याला ते खरं वाटत होतं. बेकनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि त्यातून पुढे बोधवर्तन उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत, उभी राहिली.

असे विचार तुम्हालाही येतात, मलाही येतात. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप-जेवण बिघडलंय, कामावर जाणं जड झालंय, असं असेल तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या. मनोविकारतज्ज्ञ बऱ्याचदा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघायला सांगतात. थायरॉइड कमी पडलं किंवा रक्त कमी झालं तरी माणूस असाच मरगळतो.

विचारांच्या सवयी म्हणजे नक्की काय?

एकाच वळणावर मन पुन्हा पुन्हा जातं, ती सवय. आपल्याकडे चार जास्त दिसतात.

पहिली, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलं असं धरून चालायचं. सासूबाई गप्प बसल्या म्हणजे भाजी आवडली नाही. साहेबांनी नमस्कार घेतला नाही म्हणजे आता बदली. दुसरी, पराचा कावळा. मुलाचा फोन लागत नाही, की पाचव्या मिनिटाला पुणे-बंगळूर हायवेवरचा अपघात डोळ्यांसमोर. तिसरी, एक तर शंभर नाही तर शून्य. एक वर्ष बेदाण्याला भाव पडला की ‘आपल्याला शेतीतलं कळतच नाही’. चौथी आहे ‘पाहिजेच’ची. मुलानं ऐकलंच पाहिजे, मी कधी चिडलं नाहीच पाहिजे, पाहुण्यांसमोर घर लखलखीतच पाहिजे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा भर या ‘च’ काढण्यावर आहे. इच्छा ठेवा, हट्ट सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं. घरात वास्तुशांत असताना करून बघा.

पुस्तकांत अशा दहा-बारा सवयींची यादी मिळते. ती पाठ करून फारसं काही होत नाही. आपली कोणती, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पण काळजी खरी असते. कर्ज खरं आहे, अवकाळी पाऊस खरा आहे. ते ‘विचारांची सवय’ कसं?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि मनाबद्दल बोलणारे लोक याला फार पटकन बगल देतात. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं की धडकी भरते. तो काही भ्रम नाही. त्या आठवड्यात डावणी हा बुरशीचा रोग आला तर वर्षाचं उत्पन्न जातं. अशा माणसाला ‘विचार बदला’ म्हणणं म्हणजे त्याची चेष्टा आहे.

तरी त्याच्याशी बोलताना मी एक विचारते. आभाळ बघून तुम्ही काय करता? पहिलं उत्तर येतं, औषध आणून ठेवतो, ब्लोअर तयार ठेवतो, पहाटे बागेत जाऊन पानं उलटी करून बघतो. ही काळजी कामाची. तिच्यातून हाताला काहीतरी काम लागतं आणि ते काम संपतं. मग थोडं थांबून दुसरं उत्तर येतं. रात्री दोनला उठून मोबाईलवर हवामान बघतो, साडेतीनला पुन्हा बघतो, एका अॅपवर पाऊस दिसला की दुसरं उघडतो. दुसऱ्यात नसला तर तिसरं. सकाळी फवारणीला जाताना अंगात त्राण नसतं.

बाग तीच, पाऊस तोच. पण दुसरी काळजी कुठल्याच कामापाशी जाऊन थांबत नाही. आपण बोलतोय ते या दुसरीबद्दल. कर्जाची खरी काळजी असेल तर सोसायटीच्या सचिवाशी हप्त्याचं बोलणं हाच तिचा इलाज. तिथे माझ्यासारखीचा उपयोग फार तर त्या माणसाला सचिवाच्या दारापर्यंत जाण्याचा धीर देण्यापुरता.

टेन्शन आलं की मी मोबाईल बघते, चहा घेते, नाहीतर झोपून टाकते. यात वाईट काय?

एकेकट्या गोष्टीत काहीच नाही. बघायचं असतं ते एवढंच, की नंतर काय होतं.

जी गोष्ट केल्यावर लगेच बरं वाटतं ती मन पक्की लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आपोआप तिकडेच वळतं. बँकेतून फोन आला, उचलला नाही, सुटल्यासारखं वाटलं. पुढचा फोन आणखी अवघड झाला. लग्नात भावकीतले लोक काही विचारतील म्हणून गेलो नाही, त्या दिवशी शांत वाटलं. पुढच्या लग्नाला जाणं त्याहून जड. भीतीला सामोरं न गेल्यामुळे ती किती खरी होती हे कधी तपासलंच जात नाही, आणि न गेल्यामुळेच निभावलं असं मात्र मनात बसतं. आज मिळालेली सुटका उद्याची भीती वाढवते. या पानावरची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

मिश्रीचं उदाहरण घ्या. आपल्या भागात कित्येक बायका सांगतात, ‘मिश्री लावली की डोकं शांत होतं, मग कामाला सुचतं.’ त्या खोटं बोलत नाहीत. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आधीच्या मिश्रीतलं निकोटीन उतरायला लागलं की जी बेचैनी होते, ती पुढची मिश्री भागवते. म्हणजे ज्या त्रासावर ती औषध वाटते, त्यातला बराचसा त्रास तिचाच आहे. नवऱ्याच्या दारूवर घरभर चर्चा होते आणि बाईची मिश्री डबीत राहते, म्हणून मुद्दाम लिहिलं. दारूच्या व्यसनासाठी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था आहे, आणि सरकारी रुग्णालयातही मदत मिळते. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं.

२०१९ पासून पावसाळा आला की माझी झोप उडते. रात्री उठून कोयनेचा विसर्ग बघत बसते. माझं काही बिघडलंय का?

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ला पुन्हा घरं सोडावी लागली. ज्यांनी गावभागात गच्चीवरून बोटीची वाट बघितली, त्यांना जुलैच्या पावसाचा आवाज नुसता पावसाचा वाटणार नाही. यात बिघडण्यासारखं काही नाही.

त्रास होतो तो त्या बघण्याचा. आकडा दिसला की दोन मिनिटं जीव भांड्यात पडतो. मग मनात येतं, ‘आता वाढला असेल.’ पुन्हा मोबाईल. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बरेच तास लागतात, त्यामुळे दर अर्ध्या तासाने बघून हातात नवं काही पडत नाही. पडते ती पुढची बेचैनी.

यावर उपाय बेफिकीर होण्याचा नाही. मी लोकांना कोरड्या दिवशी, दुपारच्या वेळी, घरातल्या सगळ्यांना बसवून एक कागद करायला सांगते. आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. आपलं घर किती फुटांवर भिजतं हे घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. त्यावरून पायऱ्या ठरवायच्या. अमुक फुटांना सातबारा, दाखले, पासबुकं आणि गोळ्या-औषधं एका पिशवीत. त्याच्या पुढच्या टप्प्याला धान्य माळ्यावर आणि गाडी विश्रामबागला बहिणीकडे. त्याच्याही पुढे जनावरं आणि माणसं बाहेर. प्रशासनाने त्याआधी निघा म्हटलं तर त्याआधी. आकडा दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, सरकारी माहितीवरच बघायचा. पाणी चढायला लागलं की गल्लीतल्या एकाने जागायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर झोपायचं. पाळी लावता येते. कागद फ्रिजला चिकटवला की निर्णय झालेला असतो. रात्री दोन वाजता नव्याने घ्यायचा राहत नाही.

आणि ‘धरणाला तडा गेला, लगेच पुढे पाठवा’ असले मेसेज दरवर्षी येतात. ते ग्रुप पावसाळ्यापुरते म्यूट करा. काकांना वाईट वाटलं तर वाटू दे.

मात्र पुराची दृश्यं दिवसाही अचानक समोर उभी राहत असतील, स्वप्नात येत असतील, पुलावरून जाववत नसेल, तर कागद पुरणार नाही. तो आघातानंतरचा त्रास असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तज्ज्ञांना भेटा.

विचार थांबवायचे कसे?

थांबवायला गेलात की वाढतात. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांच्या मनात तो जास्तच आला.

त्याऐवजी वेळ ठरवून द्या. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली होती, आजही वापरतात. रोज संध्याकाळी अर्धा तास, एकाच जागी, फक्त काळजी करायची. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे, ‘हे सहा वाजता’, आणि हातातलं काम पुढे चालू. सहाला बसलं की चिठ्ठीवरच्या निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपैकी ज्यावर काही करता येईल त्यासमोर पहिलं पाऊल लिहायचं. अंथरुणावर पडून हा अर्धा तास घ्यायचा नाही. स्वयंपाकघरातल्या पाटावर चालेल.

सगळे म्हणतात पॉझिटिव्ह विचार करा.

म्हणू द्यात. ज्याला जमत नाही त्याला वर आणखी एक नापास झाल्याची भावना येते, एवढाच त्याचा परिणाम. मला गोड विचारापेक्षा नेमका विचार बरा वाटतो. ‘सगळं छान होईल’ यापेक्षा ‘मार्चअखेर ओढाताण आहे, मेमध्ये ऊसबिल येईल’ हे मनाला जास्त पटतं.

वहीत लिहायला सांगतात. काय लिहायचं?

दैनंदिनी नको, निबंध नको. मन ज्या क्षणी पडलं तो एकच क्षण, पाच ओळींत. एक नमुना देते.

काय झालं: सकाळी साडेदहाला जाऊबाईंना फोन केला, उचलला नाही.
मनात काय आलं: हळदीकुंकवाला मी बोलले ते त्यांना लागलं.
कसं वाटलं: पोटात गोळा.
काय केलं: व्हॉट्सअॅपवर त्यांचं लास्ट सीन बघत राहिले. मग नणंदेला फोन लावून काढून घ्यायचा प्रयत्न केला.
नंतर काय कळलं: बँकेत होत्या, फोन पर्समध्ये.

लोक दुसऱ्या ओळीवर अडतात. ‘मनात काही आलंच नाही, एकदम वाईट वाटलं’ म्हणतात. तिथे जरा थांबायचं. वाईट वाटण्याच्या आधी एक वाक्य गेलेलं असतं. सापडत नसेल तर स्वतःला विचारा, ‘यावरून मला माझ्याबद्दल काय वाटलं?’

सगळ्यात उपयोगी ओळ शेवटची, आणि तीच लोक रिकामी ठेवतात. वही संध्याकाळी पुन्हा उघडून ती भरायची. दोन-तीन आठवड्यांच्या शेवटच्या ओळी सलग वाचल्या, की आपलं मन कुठे नेहमी जास्तीचा अंदाज बांधतं ते कुणी सांगावं लागत नाही. अर्थात कधीतरी शेवटच्या ओळीत ‘हो, खरंच रागावल्या होत्या’ असंही निघतं. मग जाऊबाईंशी बोलायचं. वही घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर लिहून फाडून टाका, तरी चालतं.

मी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा विचारते, ‘सगळं नीट होईल ना?’ ते ‘हो’ म्हणतात, तरी समाधान होत नाही.

कारण ‘हो’ची मुदत थोडी असते. हेही मिश्रीसारखंच चालतं. गूगलवर लक्षणं शोधणं, रिपोर्ट तीन डॉक्टरांना दाखवणं, गॅस बंद केलाय ना म्हणून परत जिना चढणं, सगळी याच घरातली भावंडं. उत्तर मिळालं की सुटका, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी विचारल्याशिवाय राहवत नाही.

घरच्यांनी चिडून ‘आता पुन्हा विचारू नकोस’ म्हणणं बरोबर नाही, आणि दर वेळी समजूत काढणंही बरोबर नाही. दोघांनी आधी ठरवून ठेवावं. विचारलं की नवऱ्याने एवढंच म्हणायचं, ‘हे तुझी काळजी विचारतेय. आपण थोड्या वेळाने बोलू.’ सुरुवातीला बेचैनी वाढेल. ती आपली आपण उतरते, हे अनुभवायलाच हा खटाटोप. तपासणी किंवा हात धुणं यात रोज तास-दोन तास जात असतील, तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्याला घरगुती उपाय करत बसू नये.

काही करावंसंच वाटत नाही. इच्छा झाली की करीन म्हणते, पण होतच नाही.

उदासीत हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी काम, मग इच्छा. आणि काम अगदी लहान. ‘उद्यापासून रोज पाच किलोमीटर’ ठरवलं की ते परवा बंद पडतं. अंघोळ करून केस विंचरायचे. उन्हात कट्ट्यावर बसून मेथी निवडायची. संध्याकाळी गणपती मंदिरापर्यंत चालत जाऊन यायचं, दर्शन नाही घेतलं तरी चालेल. दिवसात एक गोष्ट हातून काहीतरी झालं असं वाटायला लावणारी, आणि एक जिवाला थोडं बरं वाटणारी. केल्यावर लगेच आनंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिले काही दिवस नुसतं केलं, एवढंच.

घरच्यांना एक विनंती. ‘आळस सोड’ म्हणू नका, सोबत चला.

एकदम छातीत धडधड होते, घाम येतो, आता मरणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आहे म्हणतात.

पहिल्यांदा झालं असेल तर आधी हृदयाचीच तपासणी, त्यात टाळाटाळ नको. तपासण्या नीट झाल्या असतील तर हा पॅनिकचा झटका असण्याची शक्यता मोठी. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. शरीर धोक्याच्या वेळचं काम करत असतं, फक्त धोका तिथे नसतो. अशा वेळी श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवा, आणि पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूचं बघत बसा. पळू नका. एसटीत झटका आला म्हणून एसटी सोडली, मग बाजार सोडला, मग देवळातली गर्दी, असं करत माणूस घरात कोंडला जातो. परतीची वाटही तशीच थोडी थोडी. आधी पुष्पराज चौक ते राममंदिर एक थांबा, मग मिरजेपर्यंत, मग जयसिंगपूर.

झोपच येत नाही.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप जुळते. अंथरुणात वीसेक मिनिटं नुसतं तळमळत असाल तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो, त्यामुळे संध्याकाळी सातचा कप जरा लवकर घ्या. दारूने झोप लागते खरी, पण उत्तररात्री मोडते.

मुलगा तीन वर्षं एमपीएससी करतोय. आता कुणाशी बोलत नाही. काय करावं?

अभ्यास किती झाला हे काही दिवस विचारूच नका. सातारा-सांगलीतल्या किती घरांत हे चाललंय हे तुम्हाला माहीत आहे. जागा थोड्या, परीक्षा लांबतात, आणि गावात जाताना प्रत्येक पारावर एकच प्रश्न, ‘मग, लागला का निकाल?’ त्या मुलाच्या मनात बहुतेक वेळा एकच वाक्य घोळत असतं, ‘पोस्ट नाही तर मी कुणीच नाही.’ ते वाक्य त्याने एकट्याने बनवलेलं नसतं. घराने, क्लासच्या फ्लेक्सने आणि सत्काराच्या मिरवणुकांनी त्याला मदत केलेली असते. किती प्रयत्न द्यायचे आणि नंतर काय, हे परीक्षेच्या आधी, वादाशिवाय, त्याच्या बरोबरीने ठरवा. दुसरी वाट ठरवली म्हणजे जिद्द कमी होते असं वडिलांना वाटतं. मी जे बघते त्यात उलट होतं. पाय टेकायला जागा आहे म्हटल्यावर पोरं पेपर शांतपणे लिहितात.

तो गप्प आहे, जेवत नाही, वस्तू वाटून टाकतोय, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ म्हणतोय, तर मात्र वाट बघू नका. शेवटचे दोन प्रश्न वाचा.

नामस्मरणाने, भजनाने फायदा होतो का? आणि देवऋषीकडे न्यावं का?

नामस्मरणाने मन एका जागी येतं, भजनाला चार माणसं भेटतात, वारीला तर चालणंही होतं. चालू द्या. औषधाच्या जागी नको, एवढंच. देवऋषीचं विचाराल तर माझं मत सरळ आहे, नेऊ नका. अंगारा लावण्यात गेलेले महिने उपचाराचे असतात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, दोरीने-साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गोळ्या सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत म्हणतात.

उदासी आणि चिंतेवर हल्ली बहुतेक वेळा ज्या गोळ्या देतात त्यांची नशा होत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. काहींना लांब काळ घ्याव्या लागतात, बीपीच्या गोळीसारख्याच. ज्यांची सवय लागू शकते त्या वेगळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या. शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून मागून आणलेली ‘झोपेची गोळी’ बऱ्याचदा तीच असते.

नेमकं कुणाकडे जायचं? खर्च किती?

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक नावाची पाटी मात्र कुणीही लावू शकतो, तेव्हा शिक्षण विचारा. मला विचारलं तर मी चिडत नाही.

खाजगी फी जमत नसेल तर सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. ओपीडीचे वार केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्या, जतहून येऊन परत जायला नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराइतकाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा आहे. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा.

घरातलं कुणी जीव द्यायचं बोलतंय. विषय काढला तर आणखी डोक्यात बसेल का?

नाही. सरळ विचारा, ‘दादा, जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्याने ओढलेलं ओझं बोलायला जागा मिळते. ऐकताना ‘लेकराबाळांचा विचार कर’ असा दम देऊ नका. त्याने तो केलेला असतो, आणि तो असल्याने त्यांच्यावर भार होतो असंच त्याला वाटत असतं.

एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. विचारांची ती तीव्र लाट बऱ्याचदा काही वेळाने ओसरते, आणि त्या वेळात हाताशी विष नसणं याने खरोखर जीव वाचतात. टेली मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. काही केलंच असेल तर १०८ला फोन करून लगेच दवाखाना. पोलीस केसच्या भीतीने कुणी वेळ घालवू नये. २०१७च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून. जुने रिपोर्ट असतील तर तेही. त्रास कधीपासून आणि त्याच सुमाराला घरात काय घडलं होतं, हे एका कागदावर. झोप बघणारं घरातलं एक माणूस सोबत असलेलं बरं. पण आत गेल्यावर थोडा वेळ एकट्याने बोलायचं आहे असं डॉक्टरांना सांगा. ते सोबतच्यांना बाहेर बसायला सांगतील. आणि चपला घालताना जो प्रश्न आठवेल तो घरूनच लिहून न्या.